नॉर्वेची यादी

शनिवार पेठ, पुणे
ता. २२ नोव्हेंबर १९७२

श्री. श्यामसुंदर यांस शालूचा नमस्कार.

पोचलो. मी आणि हेमा दोघी धड आहोत. तीन ट्रंकांपैकी दोन पोचल्या. तिसरी मोंबासाच्या धक्क्यावर राहिली की बोटीत कुणी लांबवली ते देवाला ठाऊक. तिच्यात तुमचे गरम कपडे होते. तुमचे पत्र आमच्या आधीच इथे येऊन पडले होते, त्यावरून कळले की तुम्हाला ऑस्ट्रियाला नेऊन छावणीत ठेवले आहे आणि तिथे बर्फ पडतो. म्हणजे कपडे गेले ते नेमके हवे होते तेच.

सात वर्षांपूर्वी मी सांगितले होते की दुकानाच्या परवान्यापायी त्या देशाचे नागरिक होऊ नका. तुम्ही म्हणालात, तिसरी शिकलेल्या बाईने कागदांत पडू नये. आता सगळ्या हिंदी लोकांना हाकलताना युगांडा म्हणते तुम्ही आमचे नाही आणि दिल्ली म्हणते तुम्ही आमचेही नाही. माझा आणि पोरीचा पासपोर्ट हिंदुस्थानचा राहिला तो मी अडाणी म्हणूनच. कंपालाच्या स्टेशनावर तुम्ही हात हलवत उभे होतात तेव्हा हे बोलायचे राहून गेले, म्हणून इथे लिहिते.

शरदभावजींनी त्यांच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. तुमचा हा शाळेतला मित्र नसता तर आम्ही स्वारगेटच्या स्टँडवरच पथारी टाकली असती. पण खोल्या चांगल्या आहेत असे मी लिहिणार नाही. नळ खाली चौकात, पाणी पहाटे पाचला, आणि जिना असा की घागर घेऊन चढताना गुडघा हनुवटीला लागतो. परवा साबण आणायला गेले तर दुकान बंद. साडेतीन वाजले होते. कडी वाजवली तर आतून आवाज आला की चारनंतरही तो साबणच राहील, तेव्हा या.

खालच्या मजल्यावरच्या शेजारीण कुसुमताई विचारत होत्या की तिकडची माणसे माणसांना खातात का. मी म्हटले, पंचवीस वर्षांत मला तिकडे कुणी चावले नाही, इथे आल्यापासून मात्र रोज थोडी थोडी संपते आहे. त्या हसल्या नाहीत.

मला थकायला झाले आहे. लवकर काय ते करा.

पाकिटावर इंग्रजी पत्ता घालायला हे भावजींकडे देते आहे. ते वाचतीलच. वाचू देत.

शालू


छावणी, ऑस्ट्रिया
ता. १७ डिसेंबर १९७२

चि. सौ. शालूस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र म्हणजे वकिलाची नोटीसच. फक्त पोस्टाचे तिकीट तेवढे मायेचे वाटले. तरी चार वेळा वाचले. खोलीतल्या बाकीच्या अकरा जणांना बायकोचे पत्र आलेले नाही, त्यामुळे मला इथे मान आहे.

थंडी फार. छावणीने जुने कोट वाटले. माझ्या वाट्याला आलेला कोट कुणा पहिलवानाचा असावा, त्यात मी आणि आणखी एक जण मावेल. जेवायला बटाटा. मटोक्याची आठवण येते. ती केळी उकडून दिलीस की मी नावे ठेवायचो, ते शब्द मागे घेतो.

कामाचे म्हणजे, नॉर्वे नावाचा देश आपल्यासारख्या काही कुटुंबांना कायमचे घ्यायला तयार आहे. घर देतात, काम देतात. इथल्या कचेरीत एक बाई याद्या करतात. ज्यांच्या बायकामुलांचे तिकडे हाल चालले आहेत त्यांची नावे वर, त्यांना आधी आणून सगळ्यांना एकदम पाठवणार. मी आपली तिघांची नावे दिली आहेत.

हेमाला म्हणावे, इंग्रजी विसरू नकोस. शरदला माझा नमस्कार. तुझा राग असाच राहू दे, त्यावरूनच तू बरी आहेस हे मला समजते.

तुझा
श्याम


पुणे
ता. १६ जानेवारी १९७३

श्रीयुत श्यामसुंदर यांचे सेवेशी, सौ. शालूचा सा. न. वि. वि.

येथील सर्व क्षेम. आपले क्षेम कळवीत असावे. मागील पत्रात वेडेवाकडे लिहिले गेले त्याची क्षमा असावी. परमुलखात एकट्या असलेल्या माणसास पत्र कसे लिहावे हे भावजींनी नीट शिकविले आहे.

आमची यत्किंचितही काळजी नसावी. जागा सोयीची आहे. पाणी वेळेवर येते. धान्य रेशनवर मिळते. चि. हेमास चांगल्या शाळेत प्रवेश मिळाला असून ती रमली आहे. शेजार सज्जन आहे. संक्रांत यथासांग पार पडली. आपण तब्येतीस जपावे व चित्त स्वस्थ ठेवावे.

लोभाची वृद्धी व्हावी ही विनंती.

आपली
सौ. शालू


पुणे
ता. ४ मार्च १९७३

श्रीयुत श्यामसुंदर यांचे सेवेशी, सा. न. वि. वि.

येथील सर्व क्षेम. माझी प्रकृती उत्तम आहे. चि. हेमाचा अभ्यास चांगला चालू आहे.

एक बातमी आहे, ती भावजी म्हणाले माझ्या शब्दांत लिहिली तरी चालेल, कारण ती चांगली आहे. हेमाचा गणवेश शिवायला कसब्याच्या बाजूला मैनुद्दीन यांच्या दुकानात गेले होते. मोठे दुकान आहे, सोळा मशीनी, शाळांचे कपडे शिवतात. त्यातली एक अडली होती आणि सर्जेराव नावाचा त्यांचा मिस्त्री तिला हातोडीने बडवत होता. मी पाच मिनिटे बघितले. सहाव्या मिनिटाला त्याला म्हटले, बाजूला हो, तिचा जीव घेशील. खालचे झाकण काढले तर शटलात दोऱ्याचा हा गुंता. तुमच्या शिलाई मशीनींच्या दुकानात बसून वीस वर्षे दुसरे काय बघितले? काढला, तेल घातले, चालू. मैनुद्दीन यांनी विचारले की कुठल्या कारखान्यात शिकलात. मी म्हटले नवऱ्याच्या बडबडीत.

त्यांच्या अमिनाबींनी चहा दिला आणि जाऊ दिले नाही. म्हणाल्या, आणखी तीन मशीनी आजारी आहेत, बघूनच जा. आता आठवड्यातून चार दिवस दुपारी जाते. सर्जेराव बोलत नाही. तो न बोलला तरी मशीनी बोलतात.

आमची काळजी नसावी. माया आहे तशीच राहू द्यावी.

आपली
सौ. शालू


छावणी
ता. २८ मार्च १९७३

चि. सौ. शालूस अनेक आशीर्वाद.

कसे सांगावे कळत नाही, म्हणून सरळ सांगतो. आपले नाव यादीत खाली गेले.

कचेरीतल्या बाईंनी सगळ्यांना सांगितले होते की घरची पत्रे आणा. ती फायलीत लावतात, त्यावरून कोणाचे हाल किती ते ठरते. त्यांना मराठी वाचणारे कोणी मिळेना, तेव्हा त्या मलाच म्हणाल्या की इंग्रजी करून द्या. मी शब्दन् शब्द खरा करून दिला. सर्व क्षेम, तेही लिहिले. पाणी वेळेवर, हेही लिहिले. मुलगी रमली, बायकोला काम मिळाले. बाईंनी वाचले आणि म्हणाल्या, छान, तुमची माणसे सुखात आहेत, मग ज्यांची नाहीत त्यांना आधी नेऊ. त्यांचे चुकले असे मला म्हणवेना.

तुझे पहिले पत्र मी दाखवले नव्हते. त्यात मला जे बोलली आहेस ते परक्या बाईला वाचून दाखवण्यासारखे नव्हते.

आता असे आहे की मी एकट्याने नॉर्वेला जायचे म्हटले तर लगेच. तुम्हा दोघींना वर्षाने, कदाचित दोन वर्षांनी. उत्तर मेअखेर द्यायचे आहे. मला काही सुचत नाही. तू सांग.

तुझा
श्याम


पुणे
ता. ९ एप्रिल १९७३

अहो,

डोके फोडावेसे वाटले, तुमचे की माझे ते ठरेना.

पत्र घेऊन खाली गेले आणि भावजींच्या पुढ्यात टाकले. त्यांनी वाचले. चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत वाचले. मग म्हणाले की बत्तीस वर्षे शाळेत मी पोरांना पत्राची सुरुवात अशीच शिकवली, कुणी खरेच मानेल असे कधी मनात आले नाही. मी म्हटले, मानणारा भेटला, तो तुमचाच वर्गमित्र. त्या दिवशी त्यांच्या घरी कुणी जेवले नाही असे कुसुमताई सांगत होत्या. हे पत्र ते न वाचता पाकिटात घालणार आहेत, त्यांनी स्वतःच तसे कबूल केले.

तेव्हा आता खरे लिहिते. हेही शब्दन् शब्द इंग्रजी करून त्या बाईंना द्या, तुम्हाला बोललेले असले तरी.

पाणी पहाटे पाचला येते आणि साडेपाचला जाते. दुष्काळ आहे. रेशनवर ज्वारी म्हणून परदेशातली लाल मिलो देतात, तिची भाकरी हातात घेतली की तुटते. ती मिळायलाही डिसेंबरभर कार्ड नव्हते, कारण आम्ही आधी कुठे राहत होतो याचा कागद मागतात आणि आमचा कागद तर ज्या देशाने हाकलले त्याचा. हेमाला दोन वर्षे खालच्या वर्गात बसवली आहे. तिला मराठीत इतिहास लिहिता येत नाही. पोरी तिला युगांडा म्हणून हाक मारतात. ती रमलेली नाही. ती शाळेतून येते आणि भिंतीकडे तोंड करून बसते.

फेब्रुवारीत मला हिवताप झाला. आठ दिवस. अंगावर दोन गोधड्या आणि हेमा वर आडवी पडलेली, तरी दात वाजत होते. एका दुपारी मी पोरीला ओळखले नाही. तिने ते कुणाला सांगितले नाही, मलाच सांगितले, नंतर. त्या आठ दिवसांत कुसुमताई रोज दोन वेळा पेज घेऊन वर आल्या, हेही खरे आहे म्हणून लिहिते. बाई कडू आहे, पण जिना तिलाही चढवत नाही.

माझे केस पुढून पांढरे झाले. मशीनीचे काम करते ते हौस म्हणून नाही. ते करताना तेवढा वेळ कुणी मला कुठून आलात, परत कधी जाणार, असे विचारत नाही.

हे सगळे त्या बाईंना सांगा. मग बघू.

शालू


छावणी
ता. २६ एप्रिल १९७३

प्रिय शालू,

आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही, म्हणून तसेच सुरू करतो.

तू आजारी होतीस आणि मी इथे बर्फात पोरांसारखे गोळे करून फेकत होतो. तुझे पत्र इंग्रजी करायला मला तीन दिवस लागले. एवढे लहान पत्र. मला बोललेले गाळले नाही. बाईंनी ते वाचले आणि दुसऱ्यांदा वाचले. मग फाईल उचलली आणि आत गेल्या.

शालू, नाव वर गेले! तिघांचे एकदम. जूनच्या शेवटी तुम्हा दोघींना मुंबईहून विमानाने आणतील आणि आपण नॉर्वेला जाऊ. घरात नळ, नळाला गरम पाणी, कधीही. हेमाला तिच्या वयाच्या वर्गात बसवतील. आता फक्त तुझा होकार यायचा.

तुझ्या मनात काय येईल ते मला माहीत आहे. मी पुण्याला का येत नाही? आपली वकिलात व्हिसा देते म्हणतात, पण पाहुण्याचा. ज्या पेठेत मी विटीदांडू खेळलो तिथे पोलिसांत जाऊन नाव नोंदवायचे आणि दर सहा महिन्यांनी मुदत वाढवून मागायची. निघालो तेव्हा मी सगळ्या मित्रांना सांगून निघालो होतो की येईन तो मोटार घेऊन येईन. शरदलाही सांगितले होते. आता येणार तो पहिलवानाचा कोट घालून. मला ते जमेल असे वाटत नाही. मला नॉर्वेत कोणी ओळखत नाही, हेच मला बरे वाटते.

हो म्हण.

श्याम


पुणे
ता. ८ मे १९७३

श्री. श्यामसुंदर यांस,

नाही.

रागाने लिहीत नाही. राग करायलाही अंगात काही लागते.

सतरा वर्षांची होते तेव्हा गावाहून बोटीत बसवले आणि मोंबासाहून आगगाडीने युगांडात जिंजाला उतरवले. मीठ कुठे मिळते इथपासून शिकले. तिकडची भाषा शिकले, केळी उकडायला शिकले, डासांशी राहायला शिकले. पंचवीस वर्षांनी ते पुसले आणि इथे आले. परत मीठ कुठे मिळते इथपासून. आता कुठे दुकानदार मला बघून आपणहून पिशवी पुढे करतो. आता तुम्ही म्हणता, तिसऱ्यांदा. बर्फात. मला आता कुठेही नवी बाई व्हायचे नाही. पुणे मला आवडते असे समजू नका. इथली माणसे तोंडावर बोलतात आणि मीही बोलते, एवढेच जमते आहे.

हेमाला यायचे होते. तेही सांगते, लपवत नाही. गरम पाण्याचे नाही, वर्गाचे. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली की बाबा इथे येणार असतील तर राहीन, नाहीतर मी बाबांकडे जाईन, तू मशीनी बघत बस. मी तिला उलट बोलले नाही. तिने मला माफ केलेले नाही आणि तिचे बरोबर असू शकेल.

तुमच्या लाजेचे मी काय करू? शरदभावजींना विचारले की मोटारीचे तुम्हाला आठवते का. ते म्हणाले, आठवते, पण त्याच आठवड्यात मीही सांगितले होते की मी कलेक्टर होणार.

तुम्हाला कोणी ओळखत नाही तिथे बरे वाटते म्हणता. आम्ही दोघी ओळखतो, मग आमच्याबरोबर तरी कसे बरे वाटेल? तरी जायचेच असेल तर जा. मी रडणार नाही आणि शिव्याही देणार नाही. पण मेअखेर उत्तर त्या बाईंना द्यायचे तसेच मलाही द्या. ताटकळत ठेवू नका. मला दोन्हीकडे सवय करून घेता येते, मधल्या मधे येत नाही.

शालू


छावणी
ता. ३० मे १९७३

चि. सौ. शालूस आशीर्वाद.

आज सकाळी कचेरीत जाऊन नॉर्वेला नको म्हणून सांगितले. बाईंनी तीन वेळा विचारले. तिसऱ्या वेळी मीही जरा थांबलो, खोटे कशाला बोलू. पण नको म्हटले. आपल्या जागी पाच जणांचे एक कुटुंब वर गेले. त्यातल्या माणसाने माझे हात धरले आणि सोडेचना.

वकिलातीत अर्ज दिला आहे. ते म्हणतात की हिंदुस्थानात कोणीतरी लिहून द्यायला हवे की या माणसाचा खर्च आणि जबाबदारी माझी. कोणी कमावता हवा. ते लिहून आले नाही तर व्हिसा नाही, आणि आता नॉर्वेही नाही. शरदला सांग. त्याच्यापुढे हात पसरायचा माझ्यावर प्रसंग यायचा होता, आला.

भीती वाटते आहे. दुसऱ्या कुणाला लिहिले नसते.

श्याम


पुणे
ता. १९ जून १९७३

अहो,

कागद झाला. सगळे सांगते, कारण तुम्ही घाबरट आहात आणि अर्धवट कळले तर उरलेले मनाने रचाल.

भावजी सही करायला एका पायावर तयार होते. कोट घालून, पेन खिशाला लावून बसले होते. मी त्यांना नको म्हटले. त्यांचे आपल्यावर उपकार पुरे झाले, आणि तुम्ही त्यांच्यापुढे मान खाली घालून राहिलात तर ते मला रोज बघावे लागेल. ते म्हणाले, मग कोण सही करणार? मी म्हटले, चपला घाला, नुसते सोबत चला, इंग्रजी वाचायला.

परदेशी लोकांच्या नोंदीच्या कचेरीत गेलो. तिथल्या साहेबांनी विचारले की हमी देणारा घरात कोणी पुरुष नाही का. मी म्हटले आहे की, पण त्याचीच तर हमी द्यायची आहे. ते हसले नाहीत. भावजींना खोकला आला. साहेब म्हणाले, बाई, कमाईचा पुरावा लागेल, आणा.

तिथून तशीच मैनुद्दीन यांच्याकडे गेले. त्यांनी हातातली कात्री ठेवली, दुकानाच्या छापील कागदावर स्वतः लिहिले की शालूबाई आमच्या सोळा मशीनींच्या मिस्त्री आहेत, नेमाने पगार घेतात, आणि त्यांच्यावाचून दुकान चालत नाही. मी म्हटले, शेवटचे खोटे आहे. अमिनाबी आतून म्हणाल्या, शेवटचेच तेवढे खरे आहे, पगार तर तुम्ही कधी वेळेवर मागतच नाही. साक्षीदार लागत होता. मी बघत राहिले आणि सर्जेराव हात पुसत पुढे आला, सही ठोकली, आणि परत कामाला लागला.

परत कचेरी. फॉर्मवर विचारले होते की हा परदेशी मनुष्य कुठे राहील, काय खाईल, आजारी पडला तर कोण बघेल. तिन्ही ठिकाणी भावजींनी माझे नाव इंग्रजीत लिहिले. खाली सही मी मराठीत केली. पंचवीस वर्षे तुमच्या नावाने माझे सगळे कागद झाले, हा पहिला उलटा. साहेबांनी शिक्का मारला आणि म्हणाले की यांना दर सहा महिन्यांनी इथे आणून हजर करायची जबाबदारी तुमची. मी बरे म्हटले.

काल वकिलातीकडे कागद रवाना झाला. हेमाने पाकिटावर पत्ता घातला, भावजींनी नाही. ती माझ्याशी अजून धड बोलत नाही, पण पत्ता दोनदा तपासला.

या. मोटार नको, कोट आणा, उसवून त्याचे दोन करीन. आल्यावर आठ दिवस कोणाला तोंड दाखवले नाहीत तरी चालेल. नवव्या दिवशी पाण्याला तुम्ही उतरायचे. आणि सहा महिन्यांनी हजेरीला नेईन ते सकाळी नेईन, दुपारी मला काम असते.

बाकी जे काय लोभाचे असेल ते पत्रात घालू नका, समक्ष आणा.

शालू